कोपऱ्याला मार्क नाहीत

नाही नाही नाही, धैर्यशीलराव, ती शाल आधी काढा! काढा म्हणतो ना! एक तर दसरा आला तरी लखनौचा उकाडा हलत नाही, त्यात ही लोकरीची शाल, आणि वर अभिनंदन! कशाचं अभिनंदन? पेपरात नाव आलं म्हणून? अहो, पेपरात चोराचंही नाव येतं... आणि हा नारळ कुणी माझ्या मांडीवर ठेवलाय, धरा बरं कुणीतरी, गडगडेल. हं. माईक चालू आहे का? आहे? मग आता बंद करू नका. मंडळाने बोलावलंय, आता मंडळाने ऐकायचं.

तुम्हाला सांगतो, हे आपले अध्यक्ष धैर्यशीलराव, रेल्वेत एवढे मोठे इंजिनिअर, माणूस लाखमोलाचा, पण वाचतात फक्त मथळा! काय होता मथळा? 'शेतजमीन संवर्धन अनुदान, वरीयता सूची में हरिहर साबले प्रथम.' झालं! लगेच फोन. "साबळे, पहिले आलात! मंडळाची मान उंचावलीत! दसऱ्याला सत्कार!" अहो, कसली यादी आहे ती, विचाराल की नाही? हॉस्पिटलात आयसीयूमध्ये ज्याला सगळ्यांच्या आधी आत घेतात, तो काय पहिला आलेला असतो? त्याच्या गळ्यात हार घालता का तुम्ही? म्हणजे... घालतात, पण नंतर.

ती यादी खराब जमिनींची आहे हो! ज्याची जमीन सगळ्यात जास्त वाहून चाललीय, त्याचं नाव सगळ्यात वर. मी पहिला आलो म्हणजे काय, तर अख्ख्या भागात माझ्याइतकी वाईट अवस्था कुणाची नाही. आणि तुम्ही त्याच्यावर शाल घालताय! घाला, हरकत नाही. पण आधी ऐका.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी सांगतो. मी हरिहर साबळे. एअर फोर्समधला रिटायर्ड वॉरंट ऑफिसर, मूळ माण तालुक्यातला, आता मुक्काम अलीगंज. आणि आमची लतिका... जुन्या लोकांना आठवत असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाटी द्यायच्या, डबी द्यायच्या, आणि ही? कढीपत्त्याच्या जुड्या! दोरा गुंडाळलेल्या! "हे कसलं हो वाण, लतिकावहिनी?" "घ्या तर खरं, घरचा आहे." देशमुखवहिनी, तुम्हीच हसायचात ना? हसा, हसा, तिलाही आवडायचं तुमचं हसणं.

त्या कढीपत्त्याची एक गंमत आहे. तुमच्यात फौजेतले निम्मे आहेत, तुम्हाला माहीतच आहे आपलं कसं असतं. बदली आली की आपण पुढं जायचं. बिलेटमध्ये, बराकीतल्या खाटेवर, सडाफटिंग राहायचं, मॅरिड क्वार्टरच्या यादीत नाव लावायचं, आणि नंबर लागला की घरी कळवायचं, 'क्वार्टर मिळालं, या.' मग ही यायची. कडेवर स्वरदा, मागं हमालाच्या डोक्यावर ट्रंका, आणि मांडीवर एक पत्र्याचा डबा. अख्खा प्रवास मांडीवर! डब्यात माती, मातीत कढीपत्त्याचं पिल्लू. जोधपूरला गेलो, स्वयंपाकघरामागं लावला. कमरेएवढा झाला, आली बदली. पुन्हा मुळाशी फुटलेलं पिल्लू काढलं, डब्यात घातलं, चला तेजपूर. तेजपूरचं बिदरला, बिदरचं अंबाल्याला, अंबाल्याचं बरेलीला... मी एकदा वैतागून म्हणालो, "अगं, कढीपत्ता बाजारात मिळतो!" तर म्हणते कशी, "मिळतो ना. पण मला लावायचाय."

रिटायर झालो, स्वरदाला इथंच गोमती नगरमध्ये नोकरी लागली, म्हटलं आता माण काय आणि लखनौ काय, इथंच राहू. आणि इटौंजाच्या पुढं, नाल्याकाठी, चार बिघे जमीन घेतली. माझ्यासाठी नाही हो, मला नांगर सरळ धरता येत नाही. तिच्यासाठी. पहिल्या दिवशी शेतात आली, चपला काढल्या, नुसती उभी राहिली. मग विचारलं, "ही आपली ना? इथनं बदली नाही ना आता?" म्हटलं, नाही. "लिहून द्या." म्हटलं, बाई, रजिस्ट्री झालीय, अजून काय लिहून देऊ! मग नाल्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथं ओल टिकते, तिथं तिने कढीपत्ता लावला, आणि तो डबा धुऊन पालथा घातला. म्हणाली, "सुटला बिचारा."

गहू करायची, मोहरी करायची, आणि हट्टाने दोन वाफे ज्वारी. आमच्या शेजारचा शेतकरी रामसुमेर, तो यायचा आणि डोकं धरायचा. "चाची, यह तो चरी है, भैंस खाती है! आप लोग खाते हैं?" तिने त्याला भाकरी खायला घातली. खाल्ली त्याने, अर्धी खाल्ली, आणि अदबीने म्हणाला, "भैंस सही कहती है, चाची, अच्छी है." दोघं हसले. फार हसले.

अडीच वर्षं होऊन गेली. त्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला, आणि... असो. हॉस्पिटलात मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मला प्रयागला नेऊ नका. गोमतीत पण सोडू नका. माझ्या कोपऱ्यात ठेवा. आता बदली नाही." स्वरदा आधी म्हणाली, "पापा, लोग क्या कहेंगे?" तिला मराठी समजतं सगळं, पण बोलते हिंदीच, तुमच्या सगळ्यांच्या पोरांसारखी. पण मग तीच पुढं झाली, तिनेच हाताने खड्डा केला कढीपत्त्याच्या बुंध्याशी. आईची रक्षा तिनेच ठेवली. मी उभा होतो, सावधानमध्ये उभा राहावं तसा. रडलो नाही. घरी आलो, स्वयंपाकाच्या बाईने केलेल्या आमटीत कढीपत्ता नव्हता, तेव्हा रडलो.

आणि तुम्हाला सांगतो, त्याच पावसाळ्यात नाल्याला काय बुद्धी झाली कोण जाणे! इतकी वर्षं गपगुमान पलीकडच्या काठाने जाणारा नाला, अलीकडं वळला. थेट कोपऱ्यावर! इथं त्याला 'कटान' म्हणतात. रोज थोडा काठ तुटायचा. आणि शेताच्या वरच्या अंगाने येणारं पाणीही तिथनंच नाल्यात उतरायचं, त्याने एक घळ पाडली, कोपऱ्याच्या कुशीत शिरणारी. म्हणजे दोन्हीकडनं! मधे उभा कढीपत्ता. आता सांगा, माणसाने काय करावं? बांध घालावा, काठाला दगड बसवून पिचिंग करावं, पाणी वळवावं. हे माझ्या एकट्याच्या पेन्शनीचं काम नव्हतं. तेवढ्यात कळलं, शेतजमीन वाचवायला अनुदान मिळतं. अर्ज करा, मार्क पडतात, मार्कांवर नंबर लागतो. म्हटलं, वा! नंबर लावण्यात तर हयात गेली आपली!

गेलो ऑफिसात. ऑफिसचं नाव घेत नाही. तिथं निगम साहेब. चष्मा कपाळावर, तोंडात पान, आणि माणूस, खरं सांगतो, अगदी सज्जन. समोर बसवलं, चहा मागवला, आणि समजावलं. "देखिए साबले साहब, पूरा मामला साइंटिफिक है. ढाल कितना है, उसके नंबर. नाला कितना पास है, उसके नंबर. कटान कितना गहरा है, उसके सबसे ज़्यादा नंबर. छोटे किसान हैं, उसके अलग. पहली बार आवेदन कर रहे हैं, उसके अलग. पड़ोसी के साथ मिलकर करें, तो और. सब जोड़ लिया, लिस्ट बन गई. ऊपर से पैसा देना शुरू किया, जहाँ ख़तम, वहाँ ख़तम." मी विचारलं, आणि ज्याने आधीपासून जमीन नीट ठेवलीय, त्याला? निगम साहेबांनी पान एका गालातनं दुसऱ्या गालात घेतलं. "उसको शाबाशी, साहब. नंबर नहीं. जितनी हालत ख़राब, उतने नंबर अच्छे."

आणि पटलं हो मला! पैसा थोडा, जमिनी फार, मग जिथं सगळ्यात जास्त माती चाललीय तिथं आधी द्या, बरोबरच आहे. ज्याने हे गणित बसवलं तो काही मूर्ख नव्हता. मी फक्त म्हटलं, साहेब, त्या कोपऱ्यात माझी बायको आहे. निगम साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. "साबले साहब, बहुत अफ़सोस हुआ. मेरी माताजी को गए भी ज़्यादा दिन नहीं हुए." चष्मा पुसला, पुन्हा कपाळावर चढवला. मग हळूच म्हणाले, "लेकिन उसका कॉलम नहीं है."

त्याला मार्क नाहीत.

ठीक आहे! नसू देत! बाकीचे मार्क तर आहेत ना? नाला आहे, घळ आहे, कटान तर असा की दृष्ट लागावी. म्हटलं, आपण पास. आणि मग एक दिवस फोन आला. "साबले साहब, गुरुवार को इंस्पेक्शन है."

हे बघा, फौजेतले आत्ताच हसायला लागले! कर्नल साहेब, तुम्ही तोंडावर रुमाल धरू नका, मला दिसतंय! तुम्हाला कळलं ना पुढं काय झालं असणार? बाकीच्यांना सांगतो. इन्स्पेक्शन हा शब्द कानात पडला की आमचं डोकं बंद होतं आणि हात चालू होतात. तिथं विचार नाही! हयातभर काय केलं? मोठे साहेब येणार म्हटलं की गवत कापा, दगडांना चुना, झाडांना गेरू, फुटलेलं झाका, तुटलेलं लपवा, सगळं चकाचक! साहेब यायचे, बघायचे, 'गुड शो' म्हणायचे, जायचे. मी काय केलं असेल? चार माणसं लावली, घळ बुजवली! ठोकून ठोकून सपाट केली, वर हिरवळीचे तुकडे बसवले. काठ साफ केला. कडेने विटांची रांग लावली, तिरकी, दातेरी, आपल्या एअर फोर्स स्टेशनात असते तशी, आणि प्रत्येक विटेला चुना. कढीपत्त्याच्या बुंध्याला खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा! इतकं देखणं दिसत होतं ना ते सगळं... लतिका असती तर म्हणाली असती, "अहो, हे शेत आहे की गार्डरूम?"

ती नव्हती. म्हणून कुणी म्हणालंच नाही.

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चमकवून, बांधावर उभा. निगम साहेब आले. चष्मा खाली घेतला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "साबले साहब, कटान कहाँ है?" आणि मी, टाचा जुळवून, छाती काढून, "नहीं है, सर!" "और वह नाली, जो आपने लिखी थी?" "भर दी, सर!" असा त्यांचा चेहरा पडला... मला वाटलं, गेरू कुठंतरी कमी पडला. खिशातनं मोबाइल काढून फोटो घेतले, सगळ्या बाजूंनी. म्हणाले, "मैं तो वही भरूँगा जो दिख रहा है. आदर्श खेत है आपका. ऐसा खेत मैंने ज़िले में नहीं देखा." मी म्हटलं, "थँक्यू, सर!" थँक्यू म्हटलं मी! अक्कल कुठं गेली होती माझी?

कटानला शून्य. घळीला शून्य. 'ज़मीन की हालत', अति उत्तम, म्हणजे तेही शून्य. आणि मग साहेब गेले शेजारी. रामसुमेर तेव्हा खाटेवर झोपलेला. त्याने उताराच्या दिशेनेच नांगर धरलेला, पाण्याला घसरगुंडी करून दिलेली, मधोमध एवढी घळ की त्याचं वासरू त्यात पडलं होतं, घरची पोरं ते बाहेर काढत होती. निगम साहेबांना तर काय, खजिनाच मिळाला! यादी लागली. रामसुमेर अगदी वर, मी तळाला. संध्याकाळी लाडू घेऊन आला बिचारा. "बाबूजी, मुँह मीठा कीजिए. ज़िंदगी में पहली बार पास हुए हैं." काय करणार, खाल्ला लाडू. चांगला होता.

स्वरदाला सांगितलं. ती आधी कपाळावर हात मारून म्हणाली, "पापा, आपने सचमुच चूना पोत दिया?" मग माझ्याकडं बघितलं आणि चहा टाकायला उठली. ते उठणं तिच्या आईचं.

तर आता पुढच्या वर्षीची गोष्ट. निगम साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "इस बार एक मेहरबानी कीजिए. हाथ मत लगाइएगा. जैसा है, वैसा रहने दीजिए. बोरी भी मत रखिएगा, वरना 'उपचारित' में आ जाएगा, नंबर कटेंगे." म्हणजे काय, तर इलाज केलेला दिसला की मार्क कापणार, काठ पडत असेल तर पडू द्यायचा. घळ वाढत असेल तर वाढू द्यायची. बघायचं! अख्खा पावसाळा नुसतं बघायचं! मी घातलेली भर तर पहिल्याच पावसात गेली होती, भुसभुशीत माती ती, जाताना खालची घट्ट मातीही घेऊन गेली. त्याचं दुःख वेगळंच.

तुम्हाला सांगतो, युद्धाच्या वेळी मी कामावर होतो, पण असं हात बांधून कधी उभा राहिलो नाही. छत्री घेऊन बांधावर उभा राहायचो. समोर काठाचं एक-एक ढेकूळ नाल्यात, ढब्... ढब्... शेजारी फावडं. फावडं उचलायचो, मार्क आठवायचे, खाली ठेवायचो. पुन्हा उचलायचो. शेवटी स्वरदाने ते फावडं गाडीच्या डिकीत टाकून गोमती नगरला नेलं! आणि मी तिथं उभा राहून बोलायचो हो, हसू नका, बोलायचो. "लतिका, जरा कळ काढ. मार्क वाढतायत." असं! स्वतःच्या बायकोला! आयुष्यभर तिला काय सांगितलं? जरा कळ काढ, क्वार्टरचा नंबर लागतोय. आणि आता हे.

एक दिवस कढीपत्त्याची मुळं उघडी पडलेली दिसली. बारीक, पांढरी मुळं, पावसात. नाही बघवलं. माझा रेनकोट काढला आणि मुळांवर टाकला, वर दोन ढेकळं ठेवली. आणि मग भिजत उभं राहून फोन केला, "निगम साहब, एक रेनकोट रखा है. यह उपचारित में तो नहीं आएगा?" पलीकडनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नहीं साहब. रेनकोट का कॉलम नहीं है." म्हणजे वाईट मार्कही नाहीत, चांगलेही नाहीत. पहिल्यांदाच मला त्या कॉलम नसण्याचं बरं वाटलं.

रामसुमेरचं आणखी वेगळंच. त्याच्याकडं बांध झालेला, झकास, दगडी, हिरवळ लावलेली. तो म्हणतो, "बाबूजी, कहिए तो ट्रैक्टर ले आऊँ? थोड़ा और गहरा कर दूँ? नंबर पक्के हो जाएँगे." प्रेमाने हो, प्रेमाने म्हणत होता! मी त्याच्या अंगावर असा धावून गेलो की तो खाटेमागं लपला. मग दोघं खाटेवर बसलो. तो म्हणाला, "ग़लती हो गई. चाची का घर है, भूल गया था."

दुसऱ्या वेळी इन्स्पेक्शन. आणि मंडळी, हरिहर साबळे, आयुष्यात पहिल्यांदा, इन्स्पेक्शनला दाढी न करता गेला! चुरगळलेला शर्ट! बुटांना चिखल! कर्नल साहेब, तुम्हाला कल्पना येईल काय वाटलं असेल मला. निगम साहेब आले, काठावर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाह! क्या कटान है, साबले साहब! ज़बरदस्त!" फोटोवर फोटो. सगळे मार्क. उताराचे पैकीच्या पैकी, नाल्याचे पैकीच्या पैकी, घळीचे पैकीच्या पैकी. रामसुमेरच्या सोबतीने अर्ज, त्याचेही. मग झाडाकडं बघून म्हणाले, "किनारे पर पेड़ हो तो उसके भी कुछ नंबर हैं. यह कौन सा है?" मी म्हटलं, मीठी नीम. कढीपत्ता. मोबाइलमध्ये वर-खाली शोधलं, पुन्हा शोधलं. बिचाऱ्याची फार इच्छा होती हो द्यायची. "सूची में नहीं है. बबूल होता, शीशम होता..."

त्याला मार्क नाहीत.

जोधपूर, तेजपूर, बिदर, अंबाला, बरेली, मांडीवर घेऊन आलेलं झाड ते. नाहीत मार्क. असो.

पण पहिला आलो! यादीत सगळ्यात वर, हरिहर साबळे! त्याच दिवशी शेतात गेलो आणि तिला सांगितलं, बाई, पहिला आलो. आता बांध येणार, दगड येणार, तुला कुणी हलवणार नाही. मला वाटलं, संपलं. पण तुम्ही सगळे सरकारी नोकरीतले, तुम्हाला मी काय सांगू? यादी झाली, मग समिती. समिती बसली, मग मोजणी. मोजणी झाली, मग मंजुरी. मंजुरी आली, तर ती कामाची, पैशाची नाही. होळी गेली, आंबे आले, आंबे गेले. मी जायचो, निगम साहेब हात जोडायचे, "साहब, मेरी तरफ़ से तो कब का हो गया." आणि पैसा आला कधी? पाऊस आल्यावर. "अब तो मिट्टी का काम नहीं होता बरसात में. बारिश रुकते ही, सबसे पहले आपका. आप तो फ़र्स्ट हैं!"

श्रावण सरता-सरता एका सकाळी रामसुमेरचा फोन आला. "बाबूजी, आ जाइए." एवढंच म्हणाला. आणि एरवी तो फोनवर किती बोलतो, माहितीये तुम्हाला? म्हैस, सासरा, हवामान, सगळं सांगतो. मी स्कूटर काढली.

कोपरा नव्हता. कढीपत्ता नव्हता, काठ नव्हता, काही नव्हतं, नाला सरळ आत आलेला. मी लावलेल्या त्या विटांपैकी एक, चुन्याची, खाली चिखलात रुतलेली दिसत होती. पांढरीशुभ्र. माझा रेनकोटही गेला. मी काठावर बसलो, आणि आता मात्र सांगतो, ओरडून रडलो. म्हातारा माणूस, भर शेतात. रामसुमेर शेजारी बसला, माझ्या पाठीवर हात ठेवून. तो म्हणाला, "रोइए मत, बाबूजी. नाला गोमती में, गोमती गंगा जी में. चाची तो गंगा जी पहुँच गईं. बड़े भाग्य की बात है." त्याला कसं सांगू? त्याने मनापासून म्हटलं होतं. त्याला काय माहीत, तिला जायचंच नव्हतं.

निगम साहेब स्वतः आले. त्या चिखलात, पँट वर करून. टोपी काढून उभे राहिले. मग फार हळू म्हणाले, "साबले साहब, जिस जगह का काम मंज़ूर हुआ था, वह जगह ही अब नहीं है. फ़ाइल बंद करनी पड़ेगी." मी म्हटलं, करा. "आप नया आवेदन दे दीजिए," ते पायाखालच्या चिखलाकडं बघत म्हणाले, "अब तो नंबर और भी अच्छे आएँगे." चिडू नका त्यांच्यावर. त्यांच्या हातात द्यायला तेवढंच होतं.

आणि त्यानंतर, मंडळी, ती गेल्या वर्षीची यादी, फिरत फिरत, आत्ता परवा छापून आली. 'हरिहर साबले प्रथम.' आणि आपल्या अध्यक्षांनी ही शाल आणली.

आणा ती. नाही, आणा, आता घालतो. तुम्ही प्रेमाने आणलीत, दसऱ्याचा दिवस आहे, आपट्याऐवजी कचनारची पानं का होईना, सोनं म्हणून दिलीत. नाही कसं म्हणू? फक्त एक सांगतो आणि बसतो. लग्न झाल्यापासून प्रत्येक बदलीला मी पुढं गेलो आणि ती मागनं आली. ही एकच बदली अशी की ती पुढं गेली. आणि कशी गेली? डबा न घेता. डबा माझ्याकडंच आहे, ओट्यावर, पालथा. परवा स्वरदा आली, तिने तो सुलटा केला, बघितला, पुन्हा पालथा ठेवला, आणि मला मराठीत म्हणाली, "बाबा, आई चिडली असेल." पहिल्यांदाच मराठीत बोलली, तेही हे.

चिडली असेल. पण चिडली तरी क्वार्टरचा नंबर लागला की ती बोलवेल मला, एवढं मला माहितीये. तोवर मी आपला बिलेटमध्ये, यादीत नाव लावून. आता ती यादी कोण करतं, कशी करतं, कुणास ठाऊक! पण सगळीकडं नियम एकच असणार ना, ज्याची हालत जास्त खराब त्याचा नंबर आधी? मग आमचं अवघडच आहे. कारण गेल्या आठवड्यात स्वरदाने मला धरून नेलं आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासून घेतलं. बीपी नाही, शुगर नाही, गुडघे शाबूत, हृदय म्हणे तरण्या पोराचं. डॉक्टर खूश! माझा हात हातात घेऊन म्हणतात कसे, "बधाई हो, अंकल, आदर्श तबीयत है आपकी!"

झालं की नाही? तिथंही शून्य मार्क.